खाल्ल्या मिठाला स्मरून

मुक्काम आजरा, जिल्हा कोल्हापूर

कोकणच्या समुद्रकाठी दुसरे घर बांधलेल्या, बांधीत असलेल्या आणि बांधण्याचे मनात घोळवीत असलेल्या घाटावरील सद्गृहस्थांस,



हे पत्र लिहिणारा मनुष्य समुद्रकाठचा रहिवासी नाही, ही गोष्ट आरंभीच कबूल करून टाकतो. मी आजऱ्याचा, भरती-ओहोटीच्या वेळा मला विचारून घ्याव्या लागतात आणि वाऱ्याची दिशा मी मासळीच्या हिशेबाने नव्हे, तर भाताच्या हिशेबाने ओळखतो. परंतु संकेश्वराहून निघून गडहिंग्लज, आजरा, आंबोली अशी गावे घेत बांद्याकडे उतरणारा जो हमरस्ता आहे, त्याच्या काठी आयुष्य गेल्यामुळे या रस्त्याने खाली काय जाते आणि वर काय येते, हे न्याहाळण्याची सवय मला लागली आहे. गेली काही वर्षे शनिवारी दुपारी घाटाकडे निघालेल्या मोटारींच्या टपांवर फरश्यांचे नमुने, बागेतल्या छत्र्या आणि हिरवळीच्या गुंडाळ्या दिसू लागल्या, आणि रविवारी रात्री परतणाऱ्या त्याच मोटारींतून नारळ आणि सुकी मासळी यांखेरीज काही वर येताना दिसेना. तेव्हा खाली नेलेल्या एवढ्या सरंजामाचे पुढे होते तरी काय, हा प्रश्न माझ्या मनात उभा राहिला. त्याचा शोध घेताना जे नजरेस पडले ते आपल्या कानांवर घालावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

दुसरे कारण मिठाचे आहे. एके काळी आजरा हा इचलकरंजी जहागिरीतला एक महाल होता आणि घाटाखाली सावंतवाडीचे संस्थान होते. अंमल निराळे, हद्दी निराळ्या. तरीही मीठ, सुकी मासळी, खोबरे आणि आमसुले ही घाट चढून वर येत आणि धान्य, गूळ, मिरची ही घाट उतरून खाली जात, आणि या देवघेवीला कोणत्याही दरबाराच्या हुकमाची गरज भासली नाही. ज्या शिरोड्यास १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, त्या शिरोड्याने आम्हा कोल्हापूरकरांना मिठाबरोबर माणूसही दिला. १९२० पासून तेथल्या शाळेत शिक्षक असलेले वि. स. खांडेकर १९३८ साली कोल्हापुरास आले आणि कायमचे येथलेच झाले. म्हणजे आपण घाटावरची माणसे पिढ्यान् पिढ्या कोकणचे मीठ खात आलो आहोत. खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्याकडची साधी रीत. ती रीत मोडत चालली आहे, अशी माझी तक्रार आहे. आणि ती मी परक्यांविरुद्ध करीत नसून आपल्याच माणसांविरुद्ध करीत आहे, म्हणून ती मोकळेपणाने करतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका निकटच्या आप्ताने सिंधुदुर्गातील एका किनाऱ्यालगतच्या गावी बांधलेल्या घराची वास्तुशांत होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी गावे आता पुष्कळ झाली आहेत. घर देखणे होते. समुद्राकडच्या अंगास जमिनीपासून छपरापर्यंत काच, पुढे गालिच्यासारखी हिरवळ, हिरवळीच्या टोकाशी चिऱ्याची भिंत आणि भिंतीपलीकडे पुळण. दुपारी मी सहज शेजारच्या कौलारू घरी गेलो. तेथल्या वृद्ध गृहिणीने कोणतीही ओळख न विचारता ओटीवर बसविले, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि गुळाचा खडा हातावर ठेवीत म्हणाली, "आदी गूळ खावा, बांयचा पाणी आता मचूळ लागता." तिच्या स्वरात रागाचा लवलेशही नव्हता, पाहुण्याला खारट पाणी द्यावे लागते याची लाज मात्र होती. ज्या भिंतीपलीकडे माझ्या आप्ताच्या कूपनलिकेचा पंप हिरवळीवर गोड्या पाण्याचे तुषार उडवीत होता, तीच भिंत तिच्या परसाचीही हद्द होती. कोकणचे मीठ खाऊन मोठे झालेल्या आम्ही त्या मिठाची परतफेड अशी केली, की तिच्या विहिरीत मीठ उतरविले. हे पत्र त्या ओटीवरच मनात लिहून झाले होते. कागदावर उतरावयास काही महिने लागले.

आता तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार वाळूच्या उंचवट्यांविषयी. समुद्राचे पाणी आणि माडांची बागायत यांच्या दरम्यान वाऱ्याने रचलेले जे वाळूचे उंचवटे असतात, त्यांवर आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळट फुले असलेला एक वेल पसरलेला आपण पाहिला असेल. त्याला मर्यादवेल म्हणतात. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली नव्हती. परंतु हा वेल जेथवर आहे तेथवर सागराचा अंमल आणि त्याच्या अलीकडे मनुष्याचा, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. वेलाच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात, वाळू वाढली की उंचवटा वाढतो, आणि वादळी लाट आली की तो उंचवटा आपली वाळू समुद्राला देऊन गाव राखतो. पुढे शांत ऋतूत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. किनारा ही अशी सतत देणेघेणे चालणारी पेढी आहे. आपण मात्र दिवाणखान्यातून समुद्र दिसत नाही म्हणून तो उंचवटा यंत्राने सपाट करविता, मर्यादवेल तण म्हणून उपटविता आणि त्या जागी ज्यास रोज पाणी घालावे लागते असे परदेशी गवत लावता.

या बाबतीत कायदा मुग्ध नाही. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमनाची पहिली अधिसूचना काढून भरतीरेषेपासून जमिनीकडच्या ५०० मीटर पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध घातले. पुढे २०११ आणि २०१९ साली ती अधिसूचना बदलली. आजच्या नियमानुसार ज्या ग्रामीण भागाची लोकवस्ती २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक आहे, तेथे विकासास मनाई असलेला पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटरांचा, आणि जेथे वस्ती त्याहून विरळ, तेथे २०० मीटरांचा आहे. वाळूचे उंचवटे, कांदळवने आणि कासवांची अंडी घालण्याची स्थळे ही तर सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात मोडतात. परंतु खरेदीखत होण्यापूर्वी सातबारा दहा वेळा पाहणारे, फेरफाराची नक्कल मागविणारे, आजऱ्याकडच्या आपल्या शेतकरी असल्याच्या दाखल्यावर कोकणातली शेतजमीन रीतसर घेणारे आपण दक्ष लोक किनारा व्यवस्थापनाचा नकाशा पाहावयास कसे विसरता, हे मला उलगडत नाही. २०११ च्या अधिसूचनेने पिढीजात मच्छीमारांच्या राहत्या घरांसाठी १०० ते २०० मीटरांच्या दरम्यान सवलत ठेवली होती. ज्याची होडी पुळणीवर आहे त्याने पुळणीजवळ राहिले पाहिजे, हा त्यामागचा न्याय होता. त्या सवलतीच्या आडोशाने शनिवार-रविवारचा बंगला उभा करणे हे कायद्याच्या अक्षरात कदाचित बसविता येईल. पण ते मीठ खाऊन केलेले कृत्य नव्हे.

दुसरी तक्रार उजेडाविषयी. नोव्हेंबरापासून मार्चापर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री कोकणच्या पुळणीवर येतात, मागच्या पायांनी खळगा खणून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून खळगा बुजवितात आणि मागे न पाहता समुद्रात परततात. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडतात. त्या इवल्या जिवांना दिशा दाखविणारे कोणी नसते. ज्या बाजूचे क्षितिज अधिक उजळ त्या बाजूस समुद्र, एवढे एकच ज्ञान घेऊन ती जन्मास येतात. लक्षावधी वर्षे हे ज्ञान खरे ठरले, कारण रात्री पाण्याची बाजूच उजळ असे. आपल्या सज्जातल्या, कुंपणावरच्या आणि माडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या दिव्यांनी ते खोटे ठरविले. पिले समुद्राकडे पाठ करून बंगल्याकडे चालू लागतात आणि सकाळी कुत्र्या-कावळ्यांची धन होतात. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. परंतु वाघाच्या वाटेवर रात्रभर दिवे लावून बसण्याचे धाडस आपण केले नसते.

तिसरी तक्रार पाण्याविषयी, आणि तीच सर्वांत जिव्हारी लागणारी आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्याच्या अंगावर तरंगत असते, कारण ते हलके असते. या तरंगण्याचे गणित शास्त्रज्ञांनी मांडले आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते. आणि ती वरची पातळी एक फुटाने खाली ओढली, तर कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. रहाटाने किंवा कळशीने पाणी काढणाऱ्या घराने हा समतोल शतकानुशतके बिघडविला नाही. तो बिघडविला खोल कूपनलिका, पोहण्याचे तलाव आणि हिरवळ या तिघांनी. बरे, हे पाणी एकदा खारे झाले की पुढच्या पावसाने गोडे होईल, असा भरवसा नसतो. माडाचे फळ लहान पडते, भाजीचा वाफा करपतो, गुरे पाण्याला तोंड लावीत नाहीत. आणि आपले काय होते? आपण टँकर मागविता. शेजारणीला टँकर परवडत नाही, म्हणून ती गुळाचा खडा पुढे करते.

चौथी तक्रार सांडपाणी आणि कचरा यांची. ज्या वाळूतून पाणी सहज मुरते, त्याच वाळूतून मैलाही सहज मुरतो. घरामागे चार कडी टाकून केलेला शोषखड्डा जांभ्याच्या सड्यावर एक वेळ चालेल, पण समुद्रकाठच्या वाळूत तो खड्डा आणि शेजारची विहीर यांच्यामध्ये पाणी गाळणारे फारसे काही उरत नाही. कचऱ्याची गोष्ट याहून सोपी आहे. आपण येताना जे आणता त्यातले निम्मे वेष्टन असते, आणि जाताना ते वेष्टन रखवालदाराच्या हाती देऊन आपण निर्धास्त होता; रखवालदार ते सुरूच्या बनात जाळतो किंवा व्हाळात टाकतो, आणि पहिला पाऊस ते समुद्राच्या स्वाधीन करतो. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्या यांवर बंदी घातली, हे आपणांस माहीत आहे. परंतु कोकणात गेल्यावर सुटीच्या दिवशी कायद्यालाही सुटी असते, अशी आपली समजूत दिसते.

पाचवी तक्रार वाटा आणि व्हाळ यांची. कुंपण घालताना आपल्या मोजणीच्या हद्दीत येणारी पायवाट आपण बंद केलीत. नकाशावर ती कदाचित नसेल; परंतु त्या वाटेने रापणीची जाळी खांद्यावर घेऊन माणसे पहाटे पुळणीवर उतरत आली आहेत, आणि रापण ही एकट्याने ओढावयाची गोष्ट नसून तीस-चाळीस माणसांनी एकदिलाने ओढावयाची असल्यामुळे, वाट बंद झाली म्हणजे एका घराची गैरसोय होत नाही, वाड्याच्या वाड्याचा धंदा बसतो. तीच गत व्हाळांची. आठ महिने कोरडा दिसणारा तो ओघळ भराव टाकून आपण 'वाया गेलेली जागा' उपयोगात आणली. पुढे आषाढात वरच्या डोंगराचे पाणी आले आणि त्याला आपली वाट सापडली नाही, तेव्हा ते शेजाऱ्याच्या माजघरातून गेले. खाडीकाठच्या भूखंडांपुढे उभी असलेली चिपी आणि तिवरे 'डासांचे माहेर' म्हणून तोडण्याचा उद्योगही याच जातीचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ साली अंतिम निकालाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. राज्याने २०१२ साली कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापला. मासळीची पोरे याच मुळ्यांच्या जाळीत वाढतात. समुद्र दिसावा म्हणून तिवर तोडणारा गृहस्थ संध्याकाळी खानावळीत ताजी मासळी का मिळत नाही म्हणून कुरकुरतो, तेव्हा त्याची कीव करावी की राग धरावा, हे कळत नाही.

सहावी आणि शेवटची तक्रार भिंतीची. उंचवटा सपाट केल्यावर लाट कुंपणाशी येते. मग आपण दगडी बांध घालता, आणि बांधासाठी सरकारदरबारी अर्ज करता. लाटेचा जोर बांधाने नाहीसा होत नाही, तो फक्त वळतो. बांधापुढची वाळू खणली जाते आणि बांध जेथे संपतो तेथल्या शेजाऱ्याचा किनारा खचू लागतो. मग शेजारी बांध मागतो, त्याचा शेजारी मागतो, आणि अखेरीस गावाला समुद्र राहतो पण पुळण राहत नाही. २००९ चे फयान, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही तीन वादळे ज्यांनी किनाऱ्यावर राहून सोसली, त्यांना विचारून पाहा. तौक्तेच्या वेळी देवगड, मालवण, वेंगुर्ले या बाजूच्या बागायतींची जी दैना झाली, ती त्या लोकांनी तेथेच राहून निस्तरली. आपल्या बंगल्यांना त्या दिवसांत कुलपे होती. जो संकटात हजर नसतो, त्याने संकट वाढवून तरी ठेवू नये.

यावर आपले म्हणणे काय असते, हे मी पुष्कळ वेळा ऐकले आहे. जमीन आम्ही जबरदस्तीने घेतली नाही, विकणाऱ्याने राजीखुशीने विकली. आमच्यामुळे गवंड्याला, माळ्याला, रखवालदाराला काम मिळाले. आणि गावकरी तरी कोठे मोठे निसर्गरक्षक आहेत, तेही वाळू उपसतात, तेही कचरा टाकतात. या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु विकणाऱ्याने आपणांस जमीन विकली, शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी विकले नव्हते. ते त्याचे नव्हतेच. बापजाद्यांच्या भागीरथीत खातेफोड होत नसते. रोजगाराचे म्हणाल, तर ज्याला आपण माळी केले तो पूर्वी बागायतदार होता, हे त्याला विसरता येत नाही. आणि गावकऱ्यांच्या दोषांचे म्हणाल, तर पाहुण्याने यजमानाच्या चुका मोजावयाच्या नसतात, निदान त्यात आपल्या चुकांची भर घालावयाची नसते.

शिवाय गावकऱ्यांना निसर्ग राखणे जमत नाही असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे कासवांची अंडी चोरीस जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ सालापासून ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरटी राखण्याचे काम आरंभिले. पुढे पिले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहावयास लोक येऊ लागले, आणि त्यांची व्यवस्था गावातल्याच घरांनी आपल्या ओसरीवर, आपल्या स्वयंपाकघरातून केली. तेथे काचेची घरे बांधावी लागली नाहीत. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे घरोघरी वर्गीकरण करून आपला कचरा डेपो असा सुधारला, की तो पाहावयास लोक मुद्दाम जाऊ लागले. म्हणजे खाली शहाणपण आहे. वरून जाणाऱ्यांनी ते सोबत नेले नाही तरी चालेल, फक्त तुडवू नये.

आता आमच्याविषयी. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखविताना आपल्या डोळ्यातले मुसळ लपविणे योग्य नव्हे. आंबोलीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे थोडेसे अंतर राखून दोन भाग होतात. पश्चिमेकडचे पाणी कड्यावरून कोसळून अरबी समुद्रास मिळते, आणि पूर्वेकडचे हिरण्यकेशी होऊन आमच्या आजऱ्यावरून, रामतीर्थाच्या खडकांवरून वाहत, पुढे कर्नाटकात घटप्रभेस आणि तिच्यासह कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास जाते. एकाच ढगाचे हे दोन वारस. त्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात सापडलेला एक लहानसा मासा शास्त्रास अज्ञात होता. २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, नदीचेच नाव त्याला मिळाले, आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. उगमाशी वारसा, पण तीच नदी आमच्या गावाजवळून जाताना आम्ही तिच्याशी कसे वागतो? यात्रेनंतर रामतीर्थावर पत्रावळी आणि पिशव्या कोण टाकतो? नदीला पूररेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कोल्हापूर जिल्ह्याला या रेषांचे स्मरण करून दिले, आणि पाणी ओसरताच आम्ही ते विसरलो. कोकणात भरतीरेषा, आमच्याकडे पूररेषा. दोन्ही पाण्याने आखलेल्या आणि दोन्ही माणसाने पुसलेल्या. म्हणूनच माझी खात्री आहे, की आपण खाली जाऊन जे करता ते आपण येथे शिकून गेला आहात; आणि म्हणूनच हे पत्र आजऱ्याहून लिहिणे मला अनुचित वाटत नाही.

तेव्हा विनंत्या अशा.

एक, खरेदीपूर्वी सातबाऱ्याबरोबर किनारा व्यवस्थापनाचा नकाशा पाहा, भरतीरेषा प्रत्यक्ष जागेवर कोठे येते ते विचारा, आणि मध्यस्थ 'सगळे मॅनेज होते' असे म्हणाला तर तेथूनच परत फिरा. कारण जे मॅनेज होते ते समुद्राला कळविलेले नसते.

दोन, घर बांधून झाले असेल तर निदान वाळूचा उंचवटा पुन्हा उभा राहू द्या. त्यासाठी खर्च लागत नाही. हिरवळ काढावी, मर्यादवेल येऊ द्यावा, आणि झाडे लावावयाचीच असतील तर उंडी, करंज, भेंड, केवडा अशी त्या मातीशी सोयरीक असलेली लावावी.

तीन, नोव्हेंबरापासून मेअखेरपर्यंत समुद्राकडच्या अंगाचे दिवे रात्री मालवावेत आणि काचेला पडदे लावावेत. चांदण्यात समुद्र पाहावयास आपण एवढे दूर गेलात. दिवे मालविल्यावर तो अधिकच दिसेल.

चार, कूपनलिका बंद करून छपराचे पाणी साठवावे. कोकणात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर तो पावणेतीन लाख लिटरांहून अधिक होतो. महिन्यातून चार दिवस राहणाऱ्या कुटुंबाला त्याचा काही अंशही पुरून उरेल. उरलेले पाणी शेजारच्या विहिरीकडे वळवावे. ते दान नव्हे, परतफेड आहे.

पाच, मैल्यासाठी बंदिस्त टाकी बांधावी, आणि जे वेष्टन वरून नेले ते त्याच मोटारीतून वर आणावे. रविवारी रात्री परतणाऱ्या मोटारीत नारळाशेजारी एक पिशवी कचऱ्याची दिसली, तर मी रस्त्याकाठून नमस्कार करीन.

सहा, कुंपण मागे घेऊन वाट मोकळी करावी, व्हाळ मोकळा करावा, आणि वर्षातून एकदा तरी ग्रामसभेस जाऊन मागे बसावे व ऐकावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असावयाची असते. आपल्यापैकी पुष्कळ जण शिकलेले, हिशेबात तरबेज, सरकारी भाषा जाणणारे आहेत. ती नोंदवही पूर्ण करण्यास हातभार लावलात, तर आपण त्या गावचे झालात असे गाव स्वतःहून म्हणेल. सातबाऱ्यावर नाव चढले म्हणून कोणी गावचा होत नाही.

यातले काहीच जमण्यासारखे नसेल, तर शेवटची एक विनंती करतो, आणि ती सर्वांत सोपी आहे. पुढच्या खेपेस गेलात म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या ओटीवर दहा मिनिटे बसा आणि त्याच्या विहिरीचे पाणी मागून प्या. गूळ घेऊ नका.

माझ्या आप्ताने हे पत्र छापण्यापूर्वी वाचले आहे. त्याने हिरवळ काढली आहे. कूपनलिका अजून चालू आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक आजरेकर